मिलिंद हे नाव प्रश्न विचारणाऱ्याचे

औरंगाबादचे महाविद्यालय १९५० साली सुरू झाले. पुढे बाबासाहेबांनी त्याला मिलिंद राजाचे नाव दिले. परिसर झाला नागसेनवन. उत्तरे देणारा नागसेन, पण महाविद्यालयाला नाव प्रश्नकर्त्याचे! हा योगायोग आहे असे आम्ही मानत नाही.

बाबासाहेब स्वतः असेच शिकले होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी जातींवरचा निबंध वाचला. वय २५. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले, केतकर यांच्या व्याख्या एकेक करून तपासल्या, अपुऱ्या ठरवल्या आणि मग स्वतःची मांडणी केली. नोट्स घोकणाऱ्याला हे जमत नसते. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, तिथेही विद्यार्थ्यांची संसद भरे.

आज आपली मुले विचारतात, "सर, हे परीक्षेला येणार का?" दोष त्यांच्या एकट्याच्या माथी मारू नका. शिष्यवृत्ती अडकली, खोलीभाडे थकले की माणूस पास होण्यापुरतेच वाचतो.

वस्तीतल्या अभ्यासिकेत आम्ही तोच निबंध वाचायला घेतला. पहिले दोन आठवडे कुणी तोंड उघडले नाही. तिसऱ्या आठवड्यात एका मुलीने थेट बाबासाहेबांच्या मांडणीवरच शंका काढली. त्या रात्री अभ्यासिका साडेदहाला बंद झाली.