जठर स्वतःलाच का पचवत नाही?

'पोट दुखते' असे सांगताना बहुतेकांचा हात बेंबीपाशी जातो. जठराची जागा मात्र त्याहून बरीच वर, डावीकडच्या खालच्या बरगड्यांच्या आड, श्वासपटलाच्या लगेच खाली असते. बेंबीभोवती असतात ती मुख्यतः आतडी. अन्ननलिका व लहान आतडे यांना जोडणारी ही स्नायूंची पिशवी रिकामी असताना आक्रसलेली असते. जेवणानंतर आतील घड्या उलगडतात आणि तिच्यात साधारण १ ते १.५ लिटर अन्नपाणी मावते.

जठराच्या भिंतीत स्नायूंचे उभे, वर्तुळाकार आणि तिरके असे ३ थर असतात. मिनिटाला सुमारे ३ वेळा उठणाऱ्या आकुंचनाच्या लाटा अन्न घुसळून त्याची लापशी करतात. खालच्या तोंडाशी असलेली झडप ती थोडी थोडी लहान आतड्यात सोडते. स्निग्ध पदार्थ येथे अधिक काळ रेंगाळतात. पंगतीतल्या तुपकट जेवणानंतर येणाऱ्या जडपणाचे हे एक कारण.

आयुर्वेदाने पचनशक्तीला 'जठराग्नी' म्हटले. आधुनिक शरीरशास्त्राला तेथे आढळले ते आम्ल. जठररसातील हे आम्ल हायड्रोक्लोरिक असल्याचे इंग्लिश वैद्य विल्यम प्राउट यांनी १८२४ मध्ये प्रसिद्ध केले. दिवसाकाठी सुमारे २ लिटर जठररस पाझरतो. त्यातील आम्ल अन्नाबरोबर आलेले बरेचसे जंतू मारते आणि प्रथिनांचे विघटन करणाऱ्या पेप्सिनला कार्यरत करते. मांसाचा तुकडा विरघळवणारा हा रस मांसाच्याच पिशवीत साठतो, हे खरे नवल.

या पिशवीचे रक्षण करतो तो श्लेष्म्याचा चिकट थर. त्याच्या तळाशी पाझरणारे बायकार्बोनेट आम्लाची तीव्रता भिंतीपाशी मारून टाकते. शिवाय अस्तराच्या वरच्या पेशी दर काही दिवसांनी नव्या येतात. पेप्सिनही पेशींमध्ये निष्क्रिय स्वरूपातच साठवलेले असते.

ही तटबंदी ढासळली की व्रण, म्हणजेच अल्सर होतो. त्याचा दोष दीर्घकाळ तिखट जेवण आणि काळजी यांच्यावर टाकला जात असे. ऑस्ट्रेलियातील बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूकडे बोट दाखवले. त्यावर विश्वास बसेना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये या जिवाणूंचे द्रावण स्वतःच प्यायले. काही दिवसांतच त्यांच्या जठराला सूज आली. दोघांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या जिवाणूंमुळे होणारा अल्सर प्रतिजैविके व आम्ल कमी करणारी औषधे यांनी बरा होऊ शकतो.

दुसरे मोठे कारण घरोघरी सापडते: अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या. श्लेष्म्याचा थर टिकवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मितीच त्या रोखतात. हा परिणाम रक्तामार्गेही होत असल्याने 'जेवणानंतर घेतली की निर्धोक' हा समज अपुरा ठरतो. वयस्कर व्यक्ती आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणारे यांना धोका अधिक. हृदयरोगासाठी डॉक्टरांनी दिलेली अॅस्पिरिन मात्र परस्पर बंद करू नये. डांबरासारखी काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाल्यास अॅसिडिटीची गोळी घेऊन वाट पाहण्यात वेळ न दवडता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते.