धनिकांचा संघ

पालघरहून आगगाडीने मी कूपरेजवर फुटबॉल पाहावयास जात असे. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड मालकांनी २०१० मध्ये बंद केला, तेव्हा धनिकांच्या संघावर पुन्हा जीव लावायचा नाही असे ठरविले. निश्चय टिकला नाही! २०१४ साली निघालेल्या मुंबई सिटीला पाच वर्षांत एकही चषक मिळाला नव्हता. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांनी त्यातील ६५ टक्के हिस्सा घेतला. पैसा आला, पाठोपाठ गोव्याच्या संघाचे प्रशिक्षक लोबेरा आले, त्यांचे काही खेळाडूही. १३ मार्च २०२१ रोजी मडगावच्या अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल मारला. करंडक मुंबईचा! बोईसरला घरी मी उडीच मारली. महामारीमुळे प्रेक्षकांना मज्जाव होता. नातू पडद्याकडे पाहत म्हणाला, “आजोबा, माणसे कुठे गेली?”