दृष्ट काढणे
वाईट नजरेचा परिणाम उतरवण्याचा, महाराष्ट्रात घरोघरी चालत आलेला लोकविधी. तान्ही बाळे, नवरा-नवरी, बाळंतीण आणि दुभती जनावरे यांची दृष्ट प्रामुख्याने काढतात. घरातील वडीलधारी बाई मीठ, मोहरी व सुक्या लाल मिरच्या मुठीत घेऊन त्या व्यक्तीवरून ओवाळते आणि निखाऱ्यावर टाकते. मीठ-मोहरी तडतडते; पण मिरचीचा ठसका लागला नाही, तर दृष्ट कडक होती असे मानतात. पीडा वस्तूत उतरते व अग्नीत जळते, ही यामागची धारणा. काजळाची तीट, दाराला लिंबू-मिरची हे प्रतिबंधक उपाय होत. विधीला वैद्यकीय आधार नाही. मायेच्या माणसाचा धीर मात्र खरा असतो. तरीही आजारी मुलाला डॉक्टरांकडे नेणे अत्यावश्यक आहे.