एक होडी, एक माणूस, एक वाघ… आणि ही कल्पना मूळ कुणाची?



पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांचा एक प्रश्न मला सारखा येतो. "ताई, माझ्या विषयावर आधीच कुणीतरी काम केलंय. आता विषय बदलू का?" याचं उत्तर एका वाक्यात देता येईल, पण ते पटणार नाही. म्हणून आज एका गोष्टीचा इतिहास सांगते. ही गोष्ट आहे भर समुद्रातली. जहाज बुडालंय, होडीत एक माणूस उरलाय आणि त्याच्या सोबतीला एक जंगली जनावर आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांना लगेच 'लाइफ ऑफ पाय' आठवला असेल. अँग ली यांचा २०१२ चा सिनेमा, इरफान खान आणि तब्बू होते तो. सिनेमा ज्या कादंबरीवर आहे ती कॅनडाच्या यान मार्टेल यांची, २००१ साली आलेली. पाँडिचेरीतल्या प्राणिसंग्रहालयाच्या मालकाचा मुलगा पाय पटेल. कुटुंब प्राण्यांसकट कॅनडाला निघतं, जपानी मालवाहू जहाज पॅसिफिकमध्ये बुडतं आणि लाइफबोटीत पायबरोबर एक झेब्रा, एक तरस, एक ओरांगउटान आणि एक बंगाली वाघ उरतात. थोड्याच दिवसांत पाय आणि वाघ दोघंच राहतात. २२७ दिवसांनी ते मेक्सिकोच्या किनाऱ्याला लागतात.

ऑक्टोबर २००२ मध्ये या कादंबरीला बुकर पारितोषिक मिळालं. त्यानंतर काही दिवसांतच ब्राझीलमधून आवाज उठला की ही कल्पना तर आमच्या लेखकाची आहे!

तो लेखक म्हणजे मोआसिर स्क्लिअर. पोर्तो आलेग्रे शहरातला, पेशाने डॉक्टर, सार्वजनिक आरोग्यात काम करणारा. त्याचे आईवडील पूर्व युरोपातून ब्राझीलला आलेले ज्यू स्थलांतरित. १९८१ साली त्याची एक छोटी कादंबरी आली होती, शंभर-सव्वाशे पानांची. इंग्रजी भाषांतर १९९० मध्ये आलं, 'मॅक्स अँड द कॅट्स' या नावाने. यातला मॅक्स बर्लिनमधल्या एका फरविक्रेत्याचा मुलगा. बापाच्या दुकानात कपाटावर पेंढा भरलेला बंगाली वाघ, त्याची मॅक्सला लहानपणापासून भीती. पुढे नाझींच्या तावडीतून सुटण्यासाठी तो ब्राझीलला जाणारं जहाज पकडतो. जहाजावर प्राणिसंग्रहालयाचे प्राणी असतात. जहाज बुडतं, मॅक्स एका छोट्या होडीत चढतो आणि बघतो तर समोर जॅग्वार बसलेला.

आता दोन्ही सारांश शेजारी ठेवा. जहाज, प्राणिसंग्रहालय, होडी, मार्जारकुळातलं मोठं जनावर. इतकं जुळतंय म्हटल्यावर आपल्याला काय वाटणार? "ढापलंय!"

थांबा. घाईत निष्कर्ष काढणं हा संशोधकाचा पहिला दोष, आणि तो माझ्यातही आहे. दोन्ही पुस्तकं वाचली की चित्र बदलतं. मॅक्सच्या कादंबरीचे तीन भाग आहेत आणि होडीतला प्रवास त्यातला फक्त मधला. पहिल्यात पेंढा भरलेला वाघ, दुसऱ्यात जॅग्वार, आणि तिसऱ्यात ब्राझीलमध्ये स्थायिक झाल्यावर पुन्हा एकदा असंच जनावर. स्क्लिअर लिहीत होता तेव्हा ब्राझीलमध्ये लष्करी राजवट होती, ती १९६४ पासून १९८५ पर्यंत चालली. त्यामुळे समोर दबा धरून बसलेला जॅग्वार म्हणजे नाझी सत्ता, आणि तिच्याआडून आपली स्वतःची हुकूमशाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. मॅक्सची कादंबरी सत्तेच्या भीतीची आहे. मार्टेलची कादंबरी श्रद्धेची आहे. पाय एकाच वेळी हिंदू, ख्रिस्ती आणि मुसलमान असतो, आणि कोणत्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा हा प्रश्न तो शेवटी आपल्यापुढे टाकतो. म्हणजे बीज सारखं असलं तरी झाडं वेगळी.

मग भांडण कशावरून झालं? इथून पुढचं नीट वाचा, कारण आपल्या कामाचं इथेच आहे.

मार्टेलने काही लपवलं नव्हतं. 'लाइफ ऑफ पाय'च्या सुरुवातीच्या लेखकाच्या टिपणात त्याने स्क्लिअरचे आभार मानले होते. पण एका ओळीत, आणि नेमकं काय घेतलं ते न सांगता. वाद पेटल्यावर त्याने खुलासा केला की स्क्लिअरचं पुस्तक आपण वाचलेलंच नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याचं एक परीक्षण वाचलं होतं, ते जॉन अपडाइक या मोठ्या अमेरिकन लेखकाचं होतं, आणि त्यात पुस्तकाबद्दल फारसं चांगलं लिहिलेलं नव्हतं. कल्पना मात्र डोक्यात राहिली. एवढी छान कल्पना कमी कुवतीच्या लेखकाच्या हातात वाया गेली असेल तर, अशा अर्थाचंही त्याने लिहून टाकलं.

लोकांनी ते परीक्षण शोधलं. अपडाइकचं असं परीक्षण सापडलंच नाही. न्यूयॉर्क टाइम्समध्ये १९९० साली परीक्षण आलं होतं खरं, पण ते दुसऱ्याच समीक्षकाचं होतं आणि पुस्तकाचं कौतुक करणारं होतं. आपली आठवण चुकली असेल, हे नंतर मार्टेलनेही मान्य केलं.

आता स्क्लिअरच्या जागी स्वतःला ठेवून बघा. कल्पना घेतली म्हणून तो तेवढा दुखावला नसता. पण न वाचता घेतली, आपल्याला कधी एक पत्रही पाठवलं नाही, आणि वर पुस्तक फसलेलं असावं असंही ठरवून टाकलं! कोर्टात जाण्याचा विचार त्याने केला होता. मग दोघांचं बोलणं झालं आणि त्याने तो विचार सोडून दिला. २००३ मध्ये तो ब्राझीलच्या साहित्य अकादमीवर निवडून आला, २०११ मध्ये वारला. जगभरात मात्र आजही अनेकांना त्याचं नाव या वादामुळेच माहीत आहे. सत्तरहून अधिक पुस्तकं लिहिलेल्या माणसाचं असं व्हावं, याचं मला वाईट वाटतं.

याच कादंबरीत मार्टेलने आणखी एक उसनवारी केली आहे, आणि ती अगदी वेगळ्या पद्धतीने. वाघाचं नाव आठवतंय? रिचर्ड पार्कर. कादंबरीत हे नाव कारकुनी चुकीमुळे पडतं. कागदपत्रांत शिकाऱ्याचं नाव बछड्याला आणि बछड्याचं नाव शिकाऱ्याला लागतं. (विद्यापीठाच्या मार्कशीटवर ज्यांचं नाव चुकलंय त्यांना हे अजिबात अशक्य वाटणार नाही.) पण मार्टेलने हे नाव उगाच निवडलेलं नाही.

१८३८ साली एडगर अॅलन पो यांची 'द नॅरेटिव्ह ऑफ आर्थर गॉर्डन पिम' ही कादंबरी आली. त्यात जहाज वादळात मोडतं आणि त्याच्या सांगाड्यावर चौघं तरंगत राहतात. अन्न संपतं. एकाने मरून बाकीच्यांना जगवावं, असं त्यांच्यातला एक खलाशी सुचवतो. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा काड्या काढतात आणि आखूड काडी सुचवणाऱ्याच्याच वाट्याला येते. त्याचं नाव रिचर्ड पार्कर. याच कादंबरीत पिमचा एक कुत्राही आहे, आणि त्याचं नाव आहे टायगर!

पुढे ४६ वर्षांनी, १८८४ मध्ये, 'मिन्योनेट' नावाची छोटी नौका इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला निघाली. ५ जुलैला ती दक्षिण अटलांटिकमध्ये बुडाली. कप्तान डडली, स्टीफन्स, ब्रूक्स आणि १७ वर्षांचा एक पोऱ्या असे चौघं तेरा फुटी होडीत आले. जवळ खायला सलगमचे दोन डबे, गोडं पाणी अजिबात नाही. मध्येच एक कासव हाती लागलं, तेही संपलं. पोरगा समुद्राचं पाणी पिऊन आजारी पडला. विसाव्या दिवसाच्या सुमारास डडलीने स्टीफन्सच्या संमतीने त्याला मारलं. काड्याही काढल्या नाहीत. तिघांनी त्याच्या मांसावर दिवस काढले आणि २९ जुलैला एका जर्मन जहाजाने त्यांना वाचवलं. त्या पोऱ्याचं नाव होतं रिचर्ड पार्कर. पोच्या कादंबरीशी हा निव्वळ योगायोग.

लॉ करणारा मित्र असेल तर त्याला विचारा, 'डडली आणि स्टीफन्स' हा खटला त्याला नक्की माहीत असेल. जीव वाचवण्याची गरज हा खुनाचा बचाव होऊ शकत नाही, असा निकाल लागला. फाशीची शिक्षा झाली, ती पुढे सहा महिन्यांच्या कैदेवर आली.

आता कादंबरीचा शेवट आठवा. जपानी अधिकाऱ्यांना वाघाची गोष्ट पटत नाही, तेव्हा पाय दुसरी गोष्ट सांगतो. तिच्यात प्राणी नाहीत. एक खलाशी, एक आचारी, पायची आई आणि पाय. माणसाने माणसाला मारण्याची आणि खाण्याची गोष्ट. म्हणजे 'रिचर्ड पार्कर' या दोन शब्दांत लेखकाने आधीच खूण ठेवली होती की वाघाच्या कातड्याखाली कोणता इतिहास आहे ते शोधा. उसनं घेतलेलं नाव त्याने उघड्यावर ठेवलं, त्याला काम दिलं आणि वाचकाला उगमापर्यंत जाण्याची वाट ठेवली. या उसनवारीबद्दल कुणी तक्रार केली नाही. एकाच पुस्तकात दोन उसनवाऱ्या. एकीने पुस्तक श्रीमंत झालं, दुसरीने लेखक अडचणीत आला. फरक सांगण्याच्या पद्धतीत होता.

आता आपल्याकडे येऊ. समजा या दोन कादंबऱ्या थीसिस असत्या आणि विद्यापीठाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या असत्या, तर काय झालं असतं? सॉफ्टवेअर शब्द जुळवतं. एक पोर्तुगीजमध्ये लिहिलेली, दुसरी इंग्रजीत, वाक्यं पूर्ण वेगळी. रिपोर्ट स्वच्छ आला असता. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही आणि ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. आपण सगळे त्या १० टक्क्यांच्या मागे धावतो. पण कल्पना कुठून आली, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही.

कायदाही इथे फार मदत करत नाही. आर. जी. आनंद यांनी आपल्या 'हम हिंदुस्तानी' नाटकावरून 'न्यू दिल्ली' हा सिनेमा उचलला, अशी तक्रार केली होती. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कल्पनेवर, विषयावर कॉपीराइट नसतो, तो मांडणीवर असतो. दावा फेटाळला गेला. माझ्या मते हे बरोबरच आहे. कल्पना कुलूपबंद केल्या तर ना कादंबरी पुढे जाईल ना विज्ञान. पण कोर्ट जिथे थांबतं तिथून पुढे आपला प्रामाणिकपणा सुरू होतो.

मी स्वतः यात एकदा चांगलीच सापडले आहे. पहिल्या प्रगती अहवालात मी एका जुन्या पेपरचा संदर्भ दिला होता, पण पेपर वाचला नव्हता. एका रिव्ह्यूमधून ते वाक्य उचललं होतं. समितीतल्या सरांनी शांतपणे विचारलं, "यात त्यांनी तापमान किती ठेवलं होतं?" मला सांगता येईना. नंतर मूळ पेपर काढला तर निष्कर्ष मी लिहिलेल्याच्या जवळजवळ उलटा! मार्टेलचं अपडाइक प्रकरण वाचताना मला तो दिवस आठवला आणि हसू येईना.

तेव्हा सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर : नाही, विषय बदलू नका. आधी काम झालंय याचा अर्थ तो प्रश्न जिवंत आहे. पण तीन गोष्टी करा. मूळ काम शोधून स्वतः वाचा, परीक्षणावर किंवा सारांशावर भागवू नका. त्यातून नेमकं काय घेतलं आणि तिथून पुढे तुमचं काय, हे दोन-तीन स्पष्ट वाक्यांत लिहा. नुसत्या आभाराच्या ओळीत उरकू नका. आणि ती व्यक्ती हयात असेल तर एक ईमेल टाका. कदाचित उत्तर येणार नाही. आलं, तर तुम्हाला एक चांगला वाचक मिळेल.

स्क्लिअर पोर्तो आलेग्रेमध्येच होता. त्याच्यापर्यंत पत्र सहज पोचलं असतं.

तुमच्या विषयावर आधी कुणी काम केलंय ते कमेंटमध्ये लिहा. आणि खरं सांगा हं, त्यातलं मूळ काय काय वाचलंय?