माणूस टिकतो कशाने?

‘माणसे टिकत नाहीत’ ही तक्रार आज कोणत्याही कारखानदाराच्या तोंडी ऐकावयास मिळते. मी फारशी शाळा शिकलेलो नाही. युनियनच्या कचेरीत जे वाचले आणि गेटवर जे ऐकले, तेवढ्याच भांडवलावर बोलतो आहे. पण एवढे सांगू शकतो की ही तक्रार नवी नव्हे.

कावसजी दावर यांची सूतगिरणी १८५६ साली मुंबईत चालू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, तसे मालक म्हणू लागले की, कोकणातला आणि घाटावरचा कामगार मुळातच अस्थिर. पेरणी आली, शिमगा आला की निघाला गावाला. हे निम्मे खरे होते. उरलेले निम्मे कारण गिरणीच्या दारातच उभे होते. त्याचे नाव जॉबर.

माणूस घेणे, काढणे, रजा देणे, सारे जॉबरच्या हाती. नोकरी लागताना दस्तुरी, ती टिकवायची तर पुन्हा दस्तुरी. जुना गेला की नव्याकडून पैसे मिळत. म्हणजे माणसे सांभाळण्याचे काम ज्याचे, त्याची कमाई माणसे बदलण्यावर!

पगारही महिना संपून पंधरवडा उलटल्यावर हाती येई. पगार मागे अडकलेला माणूस सोडून जाणार कुठे? तो सावकाराकडे जाई. १९३६ च्या पगारवाटप कायद्याने हजाराच्या आत कामगार असतील तेथे सातव्या आणि इतरत्र दहाव्या दिवसाच्या आत पगार देण्याची सक्ती केली.

व्हिटले यांच्या अध्यक्षतेखालील मजूर कमिशनने १९३१ साली सांगितले की, नेमणूक व बडतर्फी जॉबरकडून काढून घ्यावी आणि लेबर ऑफिसर नेमावेत. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणी-मालक संघाने बदली-नियंत्रणाची पद्धत आणली. महिन्याच्या पहिल्या तारखेस ठरावीक माणसांना कार्डे द्यावयाची, त्यांनी रोज सकाळी हजर राहावयाचे आणि रिकाम्या जागा त्यांनाच मिळावयाच्या. जॉबरची पकड सैल झाली. पण बदलीवाला वर्षानुवर्षे बदलीवालाच राहिला.

माझे वडील त्यांपैकीच एक. सकाळी डबा घेऊन निघत. काम मिळाले नाही, तर तोच भरलेला डबा घेऊन परत येत. आई काही विचारीत नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा पगारवाढीबरोबर बदलीवाल्यांना कायम करण्याची मागणीही होती. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. पण ती मागणी काय आहे, हे मला त्या डब्याने आधीच शिकविले होते.

तरीही पुढे युनियनमध्ये आल्यावर मीच कायम कामगारांची गाऱ्हाणी आधी घेतली आणि हंगामी माणसाला ‘नंतर ये’ म्हटले. वर्गणी कायमवाल्यांची होती ना! हा दोष माझ्या पदरी आहे.

आज दारात जॉबर दिसत नाही, कंत्राटदार दिसतो. म्हणून कारखानदार मला उपाय विचारतात, तेव्हा मी उलट दोनच प्रश्न करतो. तुमच्याकडे माणूस निघून गेला, तर कोणाच्या खिशात पैसे पडतात? आणि जो राहिला, त्याला कायम होण्याची तारीख तुम्ही सांगितली आहे काय?