एकदाच वाचलेले आकडे

१८८० च्या अमेरिकी जनगणनेत सुमारे ५ कोटी माणसांची नोंद झाली आणि त्या नोंदींचे तक्ते पुरे व्हायला जवळपास आठ वर्षं लागली. १८९० च्या गणनेसाठी हर्मन हॉलरिथने यंत्रं दिली. त्यांचं कौतुक होतं ते वेगासाठी. मला त्यांच्यातली दुसरीच गोष्ट मोठी वाटते: त्या यंत्रांना एकाही माणसाची माहिती लक्षात ठेवावी लागत नव्हती. एका माणसाचं एक कार्ड, त्याच्या माहितीप्रमाणे भोकं पाडलेलं. ते साच्यात ठेवून दांडा खाली ओढला, की जिथे भोक असेल तिथून सळई आरपार जाऊन खालच्या पाऱ्यात बुडायची, वीज वाहायची आणि समोरच्या ४० तबकड्यांपैकी नेमक्या तबकडीचा काटा एक घर पुढे सरकायचा. कार्ड बाजूला, पुढचं कार्ड. अशी ६ कोटींहून अधिक कार्डं गेली. पण एकेका यंत्राजवळ कोणत्याही क्षणी असायचे ते फक्त चाळीस आकडे.

ही अडचणीतून निघालेली युक्ती, संगणकाची स्मृती स्वस्त झाल्यावर तिचं काय काम, असा आक्षेप येतो. १९५१ मध्ये जनगणना खात्याला मिळालेल्या युनिव्हॅक संगणकाच्या स्मृतीत जेमतेम १२,००० अक्षरं मावत. त्यामुळे माहिती चुंबकीय फितीवर ठेवून तुकड्यातुकड्यानेच वाचावी लागे, हे खरं. पण फायलीही स्मृतीबरोबर वाढत आल्या. आठ-आठ बाइटच्या १०० कोटी संख्या आख्ख्या उचलायच्या तर ८ गिगाबाइट लागतात. त्यांची सरासरी काढायला मात्र दोनच संख्या जवळ ठेवाव्या लागतात: किती वाचल्या आणि आतापर्यंतची सरासरी. दोन संख्यांची सरासरी १० असताना तिसरी १६ आली, तर फरक ६, त्याचा तिसरा हिस्सा २, नवी सरासरी १२. मागच्या दोन संख्या कोणत्या होत्या हे विचारावंच लागत नाही. १९६२ मध्ये वेल्फर्डने याच वाटेने विचरणही, म्हणजे संख्या सरासरीभोवती किती पसरल्या आहेत याचं मापही, एका वाचनात काढून दाखवलं. वर्गांच्या प्रचंड बेरजा एकमेकींतून वजा करताना अचूकता हातची जाते, तो धोकाही त्याच्या रीतीत बराच टळतो. म्हणजे इथे काटकसर केल्याने उत्तर बिघडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रत्येक प्रश्न असा सुटत नाही. नेमका मध्यक हवा असेल, तर कोणती संख्या मधोमध येईल हे शेवटपर्यंत कळत नाही. मन्रो आणि पॅटरसन यांनी १९८० मध्ये याचा हिशेब मांडला: एकाच वाचनात नेमका मध्यक काढायचा तर संख्यांच्या प्रमाणात साठवण लागते, फाइल पुन्हा वाचायची मुभा दिली, की ती गरज कितीतरी पटींनी उतरते. वेळ देऊन जागा वाचवता येते, हा त्याचा अर्थ. मर्यादा आहे, पण तिच्यामुळे सगळी फाइल स्मृतीत भरणं हाच पहिला उपाय ठरत नाही. आज प्रोग्रामिंग शिकणाऱ्याला आख्खी फाइल एका आज्ञेत उचलायला पहिल्याच धड्यात शिकवतात. वेल्फर्डची रीत चार-पाच ओळींत मावते. तीही त्याच धड्यात शिकवावी.