हसदेवकाठचा प्राचीन समुद्र : मनेंद्रगडच्या जीवाश्मांचे जतन

छत्तीसगडचा इतिहास आपण सहसा रायपूर-रतनपूरच्या कलचुरींपासून आणि नागपूरकर भोसल्यांपासून शिकतो. त्याहून कितीतरी जुना पुरावा राज्याच्या उत्तर भागात, मनेंद्रगडजवळ हसदेव नदीच्या काठी आहे. १९५४ मध्ये भूवैज्ञानिक एस. के. घोष यांना तेथील तालचीर खडकांत यूरिडेस्मासारख्या सागरी शिंपल्यांचे जीवाश्म आढळले. सुमारे २८ कोटी वर्षांपूर्वी, हिमयुग ओसरत असताना, समुद्राचे पाणी इथवर आले होते, हे त्यावरून कळते.

आजूबाजूचा प्रदेश कोळसा खाणींचा आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने हे स्थळ राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केले. मात्र अशी घोषणा म्हणजे कायद्याचे संरक्षण नव्हे. किल्ले, लेणी, शिलालेख यांच्यासाठी १९५८ चा कायदा आहे; भूवारशासाठीच्या स्वतंत्र विधेयकाचा मसुदा केंद्राने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यामुळे जतनाची जबाबदारी मुख्यतः जमीन ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्यावर पडते.

पडलेला तट पुन्हा बांधता येतो. फुटलेला जीवाश्मथर पुन्हा घडवता येत नाही. म्हणून खाण, पूल किंवा उद्यान यांची आखणी करण्यापूर्वी अशा थरांची नोंद नकाशावर व्हायला हवी.